ब्रॉयलरला हळद घाला, पण हिशोबानं

(पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसं ठेवलं आहे.)



ब्रॉयलरवरच्या मागच्या भागानंतर खूप फोन आणि मेसेज आले. शब्द वेगळे होते, पण प्रश्न एकच होता. कुणी विचारलं, "डॉक्टर, हळद-लसूण खाद्यात मिसळलं तर वजन वाढतं का?" कुणी शेवग्याच्या पाल्याबद्दल विचारलं. एका ताईंनी दुकानदारानं दिलेल्या हर्बल लिव्हर टॉनिकच्या बाटलीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "हे द्यायचं की नुसताच खर्च?" आजचा भाग ह्याच प्रश्नावर आहे.

मी पशुवैद्यक आहे. शेडवर जाणं, मेलेला पक्षी उघडून बघणं, यकृत कसं आहे, आतडं कसं आहे हे दाखवणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे मी जे बोलणार ते शेडच्या बाजूनं बोलणार. कुठल्याही कंपनीची पावडर विकायला मी बसलेलो नाही, आणि "आयुर्वेदात सगळं आहे" असंही म्हणणार नाही.

उत्तर आधीच सांगून टाकतो. वनस्पतींचा उपयोग होतो, पण थोडा होतो, आणि प्रत्येक शेडमध्ये होतोच असं नाही. तुमच्या शेडमध्ये होतो की नाही हे तुमच्या काट्यावर आणि तुमच्या वहीतच कळतं. आणि त्या वनस्पतीमुळे तुमच्या खाद्यातलं, पाण्यातलं विनाकारण दिलं जाणारं अँटिबायोटिक सुटलं, तर तिनं खरं काम केलं. अँटिबायोटिक चालूच ठेवून वर हर्बल ओतलं, तर खर्च दुप्पट आणि फायदा दुकानदाराचा.

आधी अँटिबायोटिकची गोष्ट

ही गोष्ट माहीत असायला हवी, नाहीतर हळदीचा विषय अर्धवट राहतो.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लेडर्ले नावाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स हे दोन शास्त्रज्ञ पिल्लांच्या वाढीवर काम करत होते. ते बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवताना जो चोथा उरतो, तो त्यांनी पिल्लांना घातला. पिल्लं अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. जीवनसत्त्वानं जेवढी वाढायला हवी होती त्याच्या पुढे गेली. चोथ्यात थोडं अँटिबायोटिक उरलं होतं, त्याचा तो परिणाम. तिथून जगभर एक पद्धत पडली. पक्षी आजारी नसतानाही, नुसतं वजन वाढावं म्हणून, खाद्यात चिमूटभर अँटिबायोटिक रोज मिसळायचं.

आता चिमूटभर औषध रोज दिलं की काय होतं? सगळे जंतू मरत नाहीत. कमजोर मरतात आणि त्या औषधाला दाद न देणारे उरतात. तेच वाढतात. आणि ते कोंबडीच्या पोटातच राहतील असं काही लिहून दिलेलं नाही.

१९७६ साली अमेरिकेतल्या स्टुअर्ट लेव्ही यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका शेतावर काही कोंबड्यांना टेट्रासायक्लीन गटातलं औषध घातलेलं खाद्य दिलं. आठवड्याभरात त्या कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. पुढे पाच-सहा महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही तसलेच जंतू जास्त दिसायला लागले. शेजारपाजारच्या घरांमध्ये तसं दिसलं नाही. त्या माणसांनी ते औषध घेतलं नव्हतं. त्यांनी फक्त कोंबड्या सांभाळल्या होत्या.

हे मी मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे शेड घरापासून किती लांब असतं? कित्येक ठिकाणी अंगण ओलांडलं की शेड. बाई फीडर भरते, पोरगं शाळेतून आलं की ड्रिंकर धुतं, त्याच हातानं भाकरी खातं. म्हणजे ह्यात पहिला संबंध घरच्या माणसांचा येतो, चिकन विकत घेणाऱ्याचा नंतर.

त्या अभ्यासातली चांगली बाजूही सांगतो. औषधाचं खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांत तपासलेल्या बहुतेक माणसांमधून ते जंतू दिसेनासे झाले. थांबलं की सुधारतं.

मग कायदे आले. स्वीडननं १९८६ मध्ये वाढीसाठी अँटिबायोटिक वापरणं बंद केलं. युरोपियन युनियननं १ जानेवारी २००६ पासून ते पूर्ण बंद केलं. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारनं कोलिस्टिन हे औषध पोल्ट्री, दुभती जनावरं, मत्स्यपालन आणि पशुखाद्यासाठी बनवायला, विकायला, वाटायला बंदी घातली. कोलिस्टिनच का? कारण माणसाला गंभीर संसर्ग झाला आणि बाकी कुठलंच औषध लागू पडेना, तर दवाखान्यात डॉक्टर जे शेवटचं औषध काढतात त्यातलं ते एक आहे. आणि तेच पिल्लांच्या खाद्यात जात होतं. २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की कोलिस्टिनला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्या जंतूकडे सहज जाऊ शकतो. तो त्यांना डुकरांमध्ये, मांसामध्ये आणि माणसांमध्येही सापडला होता.

बंद केलं तर धंदा बसतो का?

हा पुढचा प्रश्न, आणि रास्त आहे. "डॉक्टर, तुमचं सगळं खरं, पण औषध बंद केलं आणि बॅच बसली तर कर्ज कोण फेडणार?"

ह्याचं उत्तर डेन्मार्कनं दिलेलं आहे. १९९८ मध्ये तिथल्या ब्रॉयलरवाल्यांनी स्वतःहून वाढीसाठीचं अँटिबायोटिक बंद केलं. नंतर नोंदी तपासल्या. पक्षी जास्त मेले नाहीत. दर चौरस मीटरला मिळणारं वजन घटलं नाही. एफसीआर, म्हणजे एक किलो वजनाला किती किलो खाद्य लागलं तो आकडा, साधारण ०.०१६ नं वाढला. किलोमागे १६ ग्रॅम खाद्य! आणि अँटिबायोटिकचा खर्च वाचला त्यात ते जवळपास भरून निघालं.

पण डेन्मार्कची शेडं आणि आपली शेडं सारखी नाहीत, हेही लक्षात घ्या. तिथं शेड बंदिस्त, हवा नियंत्रित. आपल्याकडे पडद्यांची उघडी शेडं, पावसाळ्यात ओलं होणारं तूस, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी. स्वच्छ शेडमध्ये अँटिबायोटिकचाही फरक फारसा दिसत नाही आणि वनस्पतींचाही दिसत नाही. जिथं जंतूंचा दाब जास्त तिथं दोन्हींचा फरक दिसतो. म्हणून एकाच पावडरबद्दल एक जण म्हणतो "लई भारी" आणि दुसरा म्हणतो "काय फरक नाही". दोघंही खरं बोलत असतात. आणि ह्यातूनच कळतं की पहिला पैसा कुठं घालायचा. तो तुसावर, पाण्यावर, हवेवर. त्यानंतर हळद.

कुठली वनस्पती काय करते

आता एकेक घेऊ. सगळ्या घेत नाही. ज्यांच्याबद्दल बरंच काम झालंय आणि ज्या आपल्याकडे सहज मिळतात त्याच घेतो.

पहिली हळद. हळदीतला कामाचा भाग कर्क्युमिन. वाळलेल्या हळदीत तो साधारण २ ते ५ टक्के असतो, जातीप्रमाणे कमी-जास्त. आपल्याकडे सांगली, हिंगोली-वसमत, वर्ध्याचं वायगाव, सगळीकडे हळद पिकते, पण दोन बाजारांतली हळद सारखी धरू नका. कर्क्युमिन रक्तात फार कमी शोषलं जातं. ते बहुतेक आतड्यातच राहतं. माणसासाठी हा दोष असेल, पण ब्रॉयलरमध्ये आपल्याला आतड्यातच काम हवंय, त्यामुळे बिघडत नाही. प्रयोगांमध्ये साधारण किलो खाद्याला अडीच ते १० ग्रॅम हळद वापरलेली दिसते. टनाला ५ किलो हे प्रमाण पुष्कळ ठिकाणी भेटतं.

हळद दोन ठिकाणी उपयोगी पडू शकते. एक, बुरशीच्या मक्याचा त्रास. पावसात भिजलेला मका, ओलावा १४ टक्क्यांच्या वर, त्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि पहिला मार यकृतावर बसतो. मी पक्षी उघडतो तेव्हा लालसर तपकिरी दिसायला हवं ते यकृत फिकट पिवळं, ठिसूळ दिसतं. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा विषारी खाद्यात अर्धा टक्का हळद घातल्यावर दुष्परिणाम काही अंशी सौम्य झाले. त्याच प्रयोगात टॉक्सिन बाइंडर म्हणून वापरतात ती मातीही तपासली होती. "काही अंशी" हे दोन शब्द नीट ऐका. हळद घातली म्हणून काळा पडलेला मका चालतो असं नाही. मका चांगलाच घ्यायचा.

दुसरं, कॉक्सिडिओसिस. इथं लोक फसतात. १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत असं दिसलं की हळदीनं वरच्या आणि मधल्या आतड्यातल्या कॉक्सिडियाचा त्रास कमी होतो, पण ईमेरिया टेनेला, म्हणजे अंधनलिकेत रक्तस्राव करणारी, आपण जिला रक्ती हगवण म्हणतो ती, तिच्यावर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे तुसावर रक्ताची विष्ठा दिसली आणि तुम्ही हळदीचं पाणी पाजत बसलात, तर दोन दिवसांत ढीग पडेल. तिथं तातडीनं पशुवैद्यकाला बोलवा.

दुसरा लसूण. लसूण ठेचला की त्यातली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. तो उग्र वास म्हणजे तेच. अख्ख्या पाकळीत ते नसतं आणि तापवलं की टिकत नाही. त्यामुळे लसूण घालून पेलेट बनवून घेणार असाल तर विचार करा. पेलेट मिलमध्ये वाफेवर खाद्य ७५-८५ अंशांपर्यंत जातं. तिथंच बराचसा अर्क उडून जातो. लसूण मॅश खाद्यात, ताजा ठेचून किंवा चांगली वाळवलेली पावडर, असाच वापरावा.

तिसरा ओवा. हा आपला दुर्लक्षित गडी आहे. युरोपात अँटिबायोटिक बंद झाल्यावर ओरेगॅनो आणि थाइम ह्यांच्या तेलाची उत्पादनं खूप चालली. थाइमच्या तेलात काम करतं ते थायमॉल, आणि आपल्या ओव्याच्या तेलातही मुख्य भाग थायमॉलचाच असतो. हे द्रव्य जंतूच्या बाहेरच्या आवरणाला भोकं पाडतं. पण तेल आहे, उडून जातं. उघड्या पोत्यात महिनाभर पडलेली ओव्याची पूड म्हणजे नुसता कोंडा. आणि वास फार तीव्र झाला तर पक्षी खाद्य कमी खातात.

चौथा शेवगा. सावलीत वाळवलेल्या पाल्यात साधारण २५ टक्के प्रथिनं असतात, म्हणून लोकांना वाटतं सोयापेंड कमी करून पाला वाढवावा. असं करू नका. ब्रॉयलरला तंतू पचत नाहीत. बऱ्याच प्रयोगांत ५ टक्क्यांच्या पुढे गेलं की वाढ मागे पडलेली दिसते. गावरान कोंबडीची गोष्ट वेगळी. ती फिरते, चरते, तिला वेळ आहे. ब्रॉयलर ४०-४५ ग्रॅमचं पिल्लू म्हणून येतं आणि पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचं होतं. वजन जवळजवळ ५० पट! त्याच्या पोटात पाल्यासाठी जागा ठेवली की तेवढं खाद्य कमी जातं. कडुलिंबाचंही तेच. कडू लागलं की पक्षी फीडरपासून लांब राहतो.

पाचवा आवळा, उन्हाळ्यासाठी. कोंबडी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवते, पण उष्णतेच्या ताणात ते पुरत नाही. कोंबडीला घाम येत नाही, ती तोंड उघडून धापा टाकते. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये दुपारी शेडमध्ये उभं राहिलं की हे दिसतं. आवळा तिथं आधार देतो. पण छपरावर पाणी, गवताचा थर, फॉगर, पंखे आणि दुपारच्या उन्हात खाद्य उचलून ठेवणं, ह्या गोष्टी आधी. आवळ्यानं शेडचं तापमान उतरत नाही.

आणि ताईंच्या बाटलीचं उत्तर. लिव्हर टॉनिकमध्ये बहुधा भुईआवळी, कुटकी, पुनर्नवा, काडेचिराईत अशा वनस्पती असतात. यकृतावर ताण असेल तर मदत होऊ शकते. पण आधी ताण कशाचा ते शोधा. मका खराब असेल तर मका बदला. ते न करता टॉनिक देणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं.

आता पैसे मोजू

वही-पेन घ्या. भाव तुमच्या गावचे टाका, मी सोपे आकडे धरतो.

एक पक्षी २ किलोचा झाला, एफसीआर १.६५. म्हणजे त्यानं ३ किलो ३०० ग्रॅम खाद्य खाल्लं. टनाला ५ किलो हळद, म्हणजे पक्ष्याच्या वाट्याला साडेसोळा ग्रॅम. हळद १६० रुपये किलो धरली तर पक्ष्यामागे दोन रुपये चौसष्ट पैसे. पाच हजार पक्ष्यांना साडेब्याऐंशी किलो हळद, खर्च १३,२०० रुपये.

हा खर्च निघायला काय व्हायला हवं? खाद्य ४० रुपये किलो धरलं तर दोन रुपये चौसष्ट पैशांत ६६ ग्रॅम खाद्य येतं. म्हणजे प्रत्येक पक्ष्यानं किमान ६६ ग्रॅम खाद्य वाचवलं पाहिजे. एफसीआर १.६५ वरून १.६१७ वर आला तर तुम्ही बरोबरीत. १.६० वर आला तर पक्ष्यामागे १०० ग्रॅम खाद्य, म्हणजे ४ रुपये वाचले. हळदीचा खर्च वजा जाता १ रुपया ३६ पैसे. पाच हजारांना ६,८०० रुपये. आणि एफसीआर १.६४ वरच राहिला तर? तर हळद कितीही गुणाची असो, त्या बॅचला तुम्ही तोट्यात.

मी हळदीच्या विरोधात बोलत नाहीये. हा हिशोब प्रत्येक पावडरला, प्रत्येक बाटलीला लावा. विक्रेता आला की एकच विचारा: "टनाला किती लागतं आणि टनाचा खर्च किती?" "बाटली अमुक रुपयांना" ह्या उत्तराला काही अर्थ नाही.

ह्या हिशोबात अँटिबायोटिकचे पैसेही लिहा. दर बॅचला पहिल्या आठवड्यात "सवय म्हणून" जो कोर्स दिला जातो, तो आजार नसताना बंद झाला, तर ती बचत हळदीच्या खात्यात जमा करा. मग चित्र बदलतं.

निम्मं शेड, निम्मं शेड

खरं-खोटं करायचं कसं? बरेच जण सांगतात, "मागच्या बॅचला दिलं, वजन चांगलं आलं." मागची बॅच थंडीतली, त्याच्या आधीची पावसाळ्यातली. पिल्लं वेगळ्या हॅचरीची. खाद्याचा लॉट वेगळा. ह्यावरून हळदीचं काही कळत नाही.

सोपी रीत सांगतो. एकाच शेडमध्ये मध्यभागी जाळी लावा. एकाच दिवशी, एकाच हॅचरीतून आलेली पिल्लं दोन्हीकडे सारखी टाका. अडीच हजार इकडे, अडीच हजार तिकडे. तूस तेच, पाणी तेच, लस तीच. एका बाजूच्या खाद्यात हळद, दुसऱ्या बाजूच्या खाद्यात नाही. गोण्यांवर खूण करा आणि कुठल्या बाजूला किती गोण्या गेल्या ते लिहा. मरतूक दोन्हीकडची वेगळी लिहा.

दर आठवड्याला दोन्हीकडचे ५०-५० पक्षी तोला. हाताला येतील ते उचलू नका. हाताला नेहमी सुस्त पक्षी येतो, आणि डोळ्याला नेहमी मोठा दिसतो. दोन-तीन कोपऱ्यांत पत्रा किंवा जाळी आडवी धरून जेवढे आत येतील तेवढे सगळे तोला.

आणि एक धोक्याची सूचना. एकाच शेडमधल्या पक्ष्यांत वजनाचा फरक असतोच. दोन किलोला सरासरीच्या आगेमागे साधारण २०० ग्रॅम धरा. त्यामुळे ५० पक्षी तोलून दोन बाजूंत ४०-५० ग्रॅमचा फरक आला, तर तो नुसता योगायोगही असू शकतो. त्यावर नाचू नका, रडूही नका. खरा आकडा लिफ्टिंगच्या दिवशीचा. गाडीत क्रेट भरताना दोन्ही बाजूंचे काटे वेगळे लिहून घ्या. सगळे पक्षी तोलले जातात, तिथं योगायोगाला जागा कमी.

पुढच्या बॅचला बाजू बदला. पश्चिमेकडचं ऊन, वाऱ्याची दिशा, दाराजवळची वर्दळ ह्यांचाही परिणाम असतो. अशा तीन बॅच झाल्या आणि तिन्हीत हळदीची बाजू पुढे राहिली, तर मग मला फोन करून सांगा, मी ऐकून घेईन. आणि तुमच्या वहीतला तो आकडा कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा तुमच्यासाठी मोलाचा.

चार सावधगिरीच्या गोष्टी

पहिली, काढा निपलच्या लाइनमधून देऊ नका. वनस्पतीचा गाळ आणि गूळ घातला असेल तर तो, पाइपमध्ये बुळबुळीत थर धरतो, निपल चोंदतात आणि त्या थरात जंतू मजेत राहतात. द्यायचाच असेल तर गाळून, साध्या ड्रिंकरमधून, दोन-तीन तासांत संपेल एवढाच द्या आणि नंतर भांडी धुवा.

दुसरी, लस चुकवू नका. रानीखेत आणि गंबोरोच्या लसीचं वेळापत्रक तुळस-अश्वगंधा दिली म्हणून सैल होत नाही. खाद्यातलं कॉक्सिडियाचं औषधही स्वतःच्या मनानं काढू नका.

तिसरी, खरेदी. हळदीत रंगासाठी भेसळ होते. बांगलादेशात संशोधकांनी हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, सापडल्याचं दाखवलंय. शिसं पक्ष्याच्या पोटात आणि मग आपल्या ताटात. म्हणून तयार पूड घेण्यापेक्षा हळकुंड घ्या आणि दळून आणा. अतिरेकी चकचकीत पिवळं हळकुंड टाळा. तयार उत्पादन घेत असाल तर घटक, त्यांचं प्रमाण, बॅच नंबर, मुदत आणि तपासणीचा अहवाल मागा. "गुप्त फॉर्म्युला आहे" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या. आणि एखादी "हर्बल" पावडर दोन दिवसांत हगवण थांबवत असेल, तर आनंद मानण्याआधी शंका घ्या. आत दुसरंच काही मिसळलेलं असू शकतं.

चौथी, आजारी पक्ष्याला औषध लागतंच. मी अँटिबायोटिकच्या विरोधात नाही. आजार ओळखून, पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर, पूर्ण मात्रेत, ठरलेले दिवस द्यायचं आणि औषधावर लिहिलेला काळ संपेपर्यंत पक्षी विकायचे नाहीत. ते औषध त्या दिवशी लागू पडावं म्हणूनच एरवी राखून ठेवायचं.

करारावर पक्षी पाळणाऱ्यांसाठी

आता तुमच्यातले निम्मे जण म्हणत असतील, "डॉक्टर, पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. आम्ही फक्त शेड आणि घाम देतो. आम्ही हळद कुठं घालणार?"

बरोबर आहे. करारात बाहेरचं काही घालायचं नाही असं असेल तर घालू नका. पैसे अडकतील. पण तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. खाद्यात काय आहे आणि हे औषध कशासाठी, असं सुपरवायझरला विचारता येतं. दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव, तारीख, मात्रा स्वतःच्या वहीत लिहिता येते. आणि तूस हलवणं, पडदे वेळेवर उघडणं, पाण्याची टाकी धुणं, क्लोरीन टाकणं, हे तर तुमचंच काम. शेडमध्ये गेल्यावर डोळे चुरचुरले तर अमोनिया वाढलाय. त्या वासात पक्ष्याची श्वासनलिका सोलून निघते आणि मग कुठलीच वनस्पती पुरी पडत नाही.

मागे एका शेडवर गेलो होतो. खिडकीच्या फळीवर टॉनिकच्या सहा बाटल्या, सगळ्या हर्बल, ओळीनं मांडलेल्या. आणि फळीच्या खाली ड्रिंकर गळत होता. तूस इतकं ओलं की मुठीत दाबलं तर गोळा होत होता. मी मालकाला म्हटलं, "भाऊ, ह्यातली कुठली बाटली द्यायची ते नंतर ठरवू. आधी पाना आणा." ड्रिंकर दुरुस्त केला, ओलं तूस काढलं, चुना भुरभुरून कोरडं तूस पसरलं. पुढच्या आठवड्यात खोकण्याचा आवाज कमी झाला होता. बाटल्यांपैकी एकही उघडली नव्हती.

तर मंडळी, हळद घाला, लसूण घाला, ओवा घालून बघा. आपल्या मातीतल्या वस्तू आहेत. पण निम्म्या शेडला घाला, वहीत लिहा, काट्यावर बघा. आणि त्याच वहीत एक रकाना अँटिबायोटिकचा ठेवा. दर बॅचला तो रकाना रिकामा होत गेला, तर तुमचं गणित बरोबर चाललंय असं समजा. तुमच्या घरातलं पोरगं उद्या तापानं आजारी पडलं, तर दवाखान्यातलं औषध त्याला लागू पडायला हवं. त्याची थोडी तजवीज तुमच्या शेडमध्ये होते.

कुणी निम्म्या शेडचा प्रयोग केला तर वहीच्या पानाचा फोटो नक्की पाठवा. फरक पडला नाही तरी पाठवा, तेही तितकंच कामाचं आहे. पुढच्या भागात आपण पावसाळ्यात मका कसा साठवायचा ह्यावर बोलू. तोपर्यंत पक्ष्यांना जपा, स्वतःला जपा.